आत थेंब नाही, तरी म्हणे पाणी जास्त

चवथीचा दुसरा दिवस. इथे इंग्लंडात, रेडिंगला सकाळचे सहा वाजले होते, म्हणजे फोंड्यात साडेदहा. आईचा व्हिडिओ कॉल आला. वाटलं, उत्तरपूजा दाखवायला केला असेल. पडद्यावर आलं ते डिशवॉशरचं तोंड.

"पळय गो, कितें जालां तें! बटण बंद केलं तरी घुर्र घुर्र करतंय. आणि हा कसला आकडा लुकलुकतोय?"

घरात चौदा माणसं. खतखत्याची पातेली ओट्यावर, पातोळ्यांची हळदीची पानं मोरीत. माहितीपुस्तकात त्या आकड्यापुढे 'पाणी जास्त' एवढंच छापलेलं. दादाने दार उघडून पाहिलं तर टाकीचा तळ जवळजवळ कोरडा. "आत थेंब नाही आणि हे म्हणतंय पाणी जास्त!" सेवा केंद्राला फोन केला तर म्हणाले, माणूस चवथ झाल्यावर येईल. गोव्यात चवथीला कोण कामावर असतं म्हणा.

मला मात्र जरा हायसं वाटलं. इथल्या भाड्याच्या घरात अगदी हेच झालं होतं, आणि तेव्हा आलेल्या मेकॅनिकने मला जमिनीवर बसवून सगळं दाखवलं होतं.

पाणी दोन ठिकाणी जास्त होऊ शकतं. एक म्हणजे भांडी ठेवतो त्या टाकीत. पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह कचरा अडकून पुरता मिटला नाही किंवा निचरा तुंबला, की तिथे पाणी चढतं आणि दार उघडताच दिसतं. दुसरी जागा दिसत नाही. बहुतेक मशीनांत टाकीच्या खाली एक परात असते. कुठूनही गळलेलं पाणी घरभर न जाता तिच्यात साचतं. परातीत थर्माकोलचा एक तुकडा असतो. पाण्याबरोबर तो वर उचलला गेला की खटका दाबला जातो, नळाकडून येणारं पाणी तुटतं आणि पंप सुरू होतो. गंमत अशी की पंप टाकीतलं पाणी काढतो, परातीतलं नाही. म्हणून तो दिवसभर घुरघुरला तरी आकडा काही जात नाही.

"दादा, आधी प्लग काढ. मग नळ बंद कर. आता खालची पट्टी खोल, दोन स्क्रू असतील. हात जपून घाल, पत्र्याची कड लागते."

टॉर्चच्या उजेडात काय दिसावं? पांढरा फेस.

"आई, हा फेस कसला?"

क्षणभर कोणी बोललं नाही. मग मागून मामीचा आवाज आला, "गोळ्या संपल्या होत्या गो. मी आपलं भांड्यांचं लिक्विड घातलं. दोनच चमचे."

दोनच चमचे! मशीनच्या गोळीला फेस जवळजवळ येतच नाही, ती केलेलीच तशी असते. हाताने घासायच्या लिक्विडला आत जोराचे फवारे लागले की त्याचा डोंगर होतो, आणि तो दाराच्या खालच्या रबरातून वाट काढून परातीत उतरतो. मामीला हे सांगितलं तर तिचा पुढचा प्रश्न, "मग मीठ तरी आगरातलं चालतं ना?" तेही नाही. आगरातल्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. मशीनमध्ये मीठ घालतात ते पाण्यातले हेच क्षार काढणारा भाग ताजा करायला. इथलं पाणी इतकं जड की आठवड्यात किटली आतून पांढरी होते, म्हणून हा धडा मी लवकर शिकले.

दादाने बाबांचा जुना पंचा परातीत सरकवला आणि बादलीत पिळला. असं पाच-सहा वेळा. निघालं किती, तर दोन तांबे. शेवटच्या पिळ्यानंतर थर्माकोल खाली बसला आणि 'टक' झालं. फोनवर मलासुद्धा ऐकू आलं. प्लग लावला. आकडा गेला, पंप गप्प.

पण काम तिथे संपत नाही. टाकीत अजून फेस होताच. भांडी न घालता नुसतं खळबळायला लावलं, तीन वेळा, फेस दिसेनासा होईपर्यंत. मग मशीनखाली सरकवलेला पेपर काढून पाहिला. कोरडा. तो भिजला असता तर नळी किंवा रबर खरंच गळतंय असं समजून नळ बंदच ठेवायला सांगितलं असतं. तिथे आपण हात घालू नये.

विसर्जन करून आल्यावर रात्री परत कॉल. आता आईला जोर आला होता. खालच्या जाळीत समई, निरांजन, पंचपाळं ओळीने मांडलेलं.

"लावू ना गो?"

"पितळ आहे ते, आई. काढ बाहेर. काळं पडेल."

"मग ह्याचा उपयोग काय?" म्हणत ती चिंच शोधायला गेली. फोन ओट्यावर तसाच चालू.