जुन्या जलवाहिनीच्या दुरुस्तीचं टेंडर : माझा अनुभव

नवी जलवाहिनी टाकायचं टेंडर आणि जुनी दुरुस्त करायचं टेंडर ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. नव्या कामात व्यास, लांबी, खोली, जोड सगळं आपणच ठरवलेलं असतं. जुन्या कामात ते जमिनीखाली आधीच ठरून बसलेलं असतं आणि ज्यांनी ठरवलं ते कधीच निवृत्त झालेले असतात. आपल्या हातात येतो एक नकाशा आणि त्यावरची एक सरळ निळी रेघ.

मी पाणीपुरवठ्यात अभियंता आहे. बिडाच्या 600 मिलिमीटर व्यासाच्या एका मुख्य वाहिनीच्या दुरुस्तीचं टेंडर तयार करणं, आलेल्या निविदांची छाननी करणं आणि काम कुणाला द्यावं याची शिफारस लिहिणं माझ्याकडे आलं, तेव्हा याच कामाचं आधीचं टेंडर रद्द झालेलं होतं. एकच ठेकेदार आला होता आणि तोही अंदाजपत्रकाच्या बराच वर. दरम्यान वाहिनी फुटायची थांबली नव्हती. एक जोड बांधून पाणी सोडावं, तर पुढच्या आठवड्यात त्याच्या शेजारचा गळायला लागायचा. अशा कामाचं टेंडर ज्यांच्या वाट्याला येईल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी मी ते रद्द झालेलं टेंडर वाचून काढलं. एका कलमापाशी थांबले. जमिनीखालच्या परिस्थितीची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची राहील आणि त्यापोटी कोणताही जादा दर मिळणार नाही, अशा अर्थाचं ते कलम होतं. वर काम एकरकमी. म्हणजे खाली काय आहे हे आम्हाला माहीत नाही, पण जे निघेल ते तुमच्या माथी. कागदावर हे खात्याच्या हिताचं दिसतं. प्रत्यक्षात असं कलम वाचून चांगला ठेकेदार एकतर टेंडर भरतच नाही, नाहीतर अनिश्चिततेचे पैसे दरात धरतो. तिसरा एक प्रकार असतो, तो सगळ्यात महागात पडतो: बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाहून कमी दर, भरून काम घ्यायचं, अर्ध्यावर खडक लागला की काम थांबवायचं आणि रस्ता उकरलेला ठेवून जादा दरासाठी पत्रव्यवहार सुरू करायचा.

म्हणून मी ठरवलं की आधी खाली काय आहे ते बघायचं, मग टेंडर काढायचं. याला खात्यातच विरोध झाला. लाइन रोज फुटते आहे आणि तुम्ही खड्डे कसले घेत बसता, हा प्रश्न रास्त होता. माझं म्हणणं एवढंच होतं की चाचणीखड्ड्यांना जो वेळ लागेल, त्याहून जास्त वेळ पुन्हा रद्द झालेलं टेंडर खाईल.

खड्डे कुठे घ्यायचे हे नकाशावरून ठरेना. ते ठरवलं आमच्या फिटरमामांनी. या लाइनवर त्यांची उभी हयात गेली आहे. मी आखलेल्या जागा बघून ते म्हणाले, "मॅडम, सरळ लायनीत खणून काय मिळणार? वळणावर घ्या. आणि जिथं शिसं परत ठोकलंय तिथं घ्या, त्या जागा मी दाखवतो." जुन्या बिडाच्या पाइपांचे जोड शिशाचे असतात. आत ताग, वर वितळवून ओतलेलं शिसं, मग ते ठोकून घट्ट केलेलं. जमीन खचली की शिसं सरकतं आणि जोड पाझरायला लागतो. मामांनी दाखवलेल्या बहुतेक ठिकाणी जोडाभोवतीची माती कायमची ओली निघाली.

एका खड्ड्यातला पाइप मला अजून डोळ्यासमोर दिसतो. वरून अगदी धडधाकट, गोलाई कायम. मामांनी खिशातला चाकू काढून त्यावर घासला आणि काळा भुगा खाली पडला, पेन्सिलीच्या शिशासारखा. बिडाचा पाइप असाच गंजतो. त्यातलं लोखंड हळूहळू निघून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा उरतो. आकार जसाच्या तसा राहतो, ताकद उरत नाही. पंप अचानक बंद होऊन दाबाचा धक्का बसला की असा पाइप उभा चिरतो. आम्ही तिथून एक तुकडा कापून घेतला. आतल्या बाजूला गंजाचे एवढे उंचवटे होते की हात घातला तर बोटं खरचटली असती.

प्रत्येक खड्ड्यात पाइपाभोवती टेप गुंडाळून घेर मोजला आणि त्यावरून बाहेरचा व्यास काढला. हे काम किरकोळ वाटतं, पण टाळू नका. जुन्या बिडाच्या पाइपाचा बाहेरचा व्यास आणि आजच्या डीआय (डक्टाइल आयर्न, बिडाचाच चिवट प्रकार) पाइपाचा बाहेरचा व्यास जुळेलच असं नाही. तो न मोजता कपलिंग, म्हणजे दोन पाइप जोडणारी कडी, मागवली, तर शटडाउनच्या, म्हणजे पाणी बंद ठेवलेल्या, रात्री खड्ड्यात उभं राहून ती बसत नाही असं कळतं. तेव्हा काहीही करता येत नाही.

खड्ड्यांइतकंच महत्त्वाचं निघालं ते व्हॉल्व्हचं. दुरुस्तीसाठी एक भाग बंद करायचा तर दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह पाणी धरायला हवेत. आम्ही एकेक बंद करून पाहिला. काही पूर्ण आटे फिरवूनही पास होत होते, म्हणजे चाक बंद आणि पाणी चालूच. एकाचा स्पिंडल, म्हणजे झडप हलवणारा दांडा, नुसताच गरगर फिरत होता. हे आधी कळलं नसतं तर ठेकेदार रात्रभर पंप लावून पाणी उपसत बसला असता आणि उपशाचं बिल कामाच्या बिलाशी बरोबरी करायला गेलं असतं. म्हणून व्हॉल्व्ह बदलणं टेंडरमध्ये प्रत्येक टप्प्याचं पहिलं काम म्हणून टाकलं.

पद्धतीवर खात्यात बरीच चर्चा झाली. पूर्ण वाहिनी बदलावी की जुन्या पाइपात एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, पाइप सरकवावा? सरकवण्याला मुख्य आक्षेप असा की आतला व्यास कमी होतो, मग पाणी कमी मिळणार. तो तपासायला पाइपातला प्रवाह काढायचं हेझन-विल्यम्सचं सूत्र पुरेसं होतं. त्यात प्रवाह व्यासाच्या 2.63 घाताने बदलतो, त्यामुळे व्यास 600 वरून 500 मिलिमीटर झाला तर नुसत्या व्यासापोटी सुमारे 38 टक्के क्षमता जाते. पण त्याच सूत्रातला सी गुणांक (पाइप आतून जितका गुळगुळीत तितका तो मोठा) आमच्या गंजलेल्या बिडाला 90 च्या आसपास धरावा लागत होता आणि एचडीपीईला तो 145 धरतात. गुळगुळीतपणामुळे गेलेली क्षमता जवळपास पूर्ण परत मिळते. आकडे मांडल्यावर आक्षेप मिटला. तरी वळणांवर आणि जिथे फाटे निघतात तिथे खणावंच लागतं, कारण सरकवलेला पाइप तीव्र वळण घेत नाही आणि प्रत्येक फाटा नव्याने जोडावा लागतो. म्हणून सरळ भागात सरकवायचं आणि वळणांवर डीआय पाइप टाकायचा, असं ठरलं.

मग टेंडरचा मसुदा. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो तिथेच जायला हवा होता. एकरकमी पद्धत काढून टाकली आणि बाबनिहाय दर मागितले. चाचणीखड्ड्यांचा अहवाल, फोटोंसह, निविदेला जोडला. जे आम्हाला कळलं ते सगळ्यांना सारखंच कळावं. खडकाचं परिमाण अंदाजे आहे हे उघड लिहिलं आणि पुढे कलम घातलं: प्रत्यक्ष काम परिमाणाच्या 25 टक्क्यांपर्यंत वाढलं तर निविदेतला दर, त्यावरच्या कामाला दरसूचीचा, म्हणजे शासकीय दरयादीतला, दर. पाइपाचे पैसे एकदम द्यायचे नाहीत, पुरवठ्यावर 60 टक्के, टाकून झाल्यावर 30 आणि चाचणी उतरल्यावर 10.

चाचणी आणि निर्जंतुकीकरण या बाबी वेगळ्या लिहिल्या. कामचलाऊ टेंडरांत या दोन गोष्टी "इत्यादी"मध्ये जातात आणि मग कुणीच नीट करत नाही. कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून गळतीची चाचणी, मग वाहिनी धुऊन 25 मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरिनचं पाणी भरून ठेवायचं आणि 24 तासांनी क्लोरिन 10 मिलिग्रॅमच्या खाली गेलेलं नको, असं स्पष्ट लिहिलं. लोक हे पाणी पिणार आहेत. या बाबीला दर नसेल तर ती होणार नाही, हे मी अनेक कामांवर पाहिलं आहे.

निविदापूर्व बैठक या वेळी भरली. प्रश्न बरेच आले, आणि चांगले आले. शटडाउन किती तासांचं मिळणार? ऐन वेळी खात्याने ते रद्द केलं तर आमच्या माणसांचं आणि यंत्रांचं भाडं कोण देणार? हा प्रश्न बरोबर होता, आमच्या मसुद्यात त्याची सोय पुरेशी नव्हती. सगळ्या प्रश्नांची लेखी उत्तरं शुद्धिपत्रकात घालून सगळ्यांना एकाच वेळी पाठवली. बैठकीनंतर एकाने फोनवर "जरा एक विचारायचं होतं" म्हणून सुरुवात केली. त्यांना लेखी विचारायला सांगितलं आणि त्यांचंही उत्तर सर्वांना गेलं.

तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दर उघडण्याआधीच्या पात्रतेच्या छाननीत, एक निविदा बाद झाली. अनुभवाचा दाखला मोठ्या कामाचा होता, पण मोकळ्या जागेत नवी लाइन टाकल्याचा. चालू वाहिनीवर शटडाउन घेऊन काम केल्याचा अनुभव हवा, असं पात्रतेतच लिहिलेलं होतं. वाईट वाटलं, कारण माणूस कामाचा होता. पण जी अट छापली ती सगळ्यांना सारखी.

आर्थिक लिफाफे उघडले आणि खरी परीक्षा सुरू झाली. पहिल्या आणि दुसऱ्या निविदेत फरक थोडा होता. मी एकूण रक्कम बाजूला ठेवून एकेक बाब वाचायला घेतली. एल-वनने, म्हणजे सगळ्यात कमी रकमेच्या निविदाकाराने, सुरुवातीच्या बाबींना आणि पाइपाच्या पुरवठ्याला चढे दर लावले होते. रात्रीचं जोडकाम, चाचणी, रस्ता पूर्ववत करणं या शेवटच्या बाबी अगदी खाली. आणि कठीण खडकाला दरसूचीच्या अडीचपट. अहवाल त्यांनी मनापासून वाचला होता हे उघड होतं. उताराच्या बाजूला खडक वाढणार असा त्यांचा कयास असणार. खडक दीडपट धरून हिशेब केला तर एल-वन आणि एल-टू यांची जागा बदलत होती.

समितीत एक मत आलं की मग सरळ वाढीव परिमाण धरून तुलना करू आणि एल-टूला काम देऊ. मी याला ठाम विरोध केला. लिफाफे उघडल्यावर परिमाणं बदलायची मुभा घेतली, तर कुणालाही पहिला आणता येतो. तुलना छापलेल्या परिमाणांवरच व्हायला हवी. आपलं संरक्षण आधीच लिहिलेल्या कलमांत आहे. 25 टक्क्यांचं कलम लावून मी हिशेब पुन्हा मांडला: खडक दीडपट निघाला तरी एल-वन हाच स्वस्त राहत होता, कारण वरच्या कामाला त्यांचा चढा दर मिळणारच नव्हता. हा तक्ता समितीपुढे ठेवल्यावर चर्चा रुळावर आली.

दुसरं मत उलट टोकाचं होतं: एल-वन आहे, सही करा आणि मोकळे व्हा. तेही मला पटलं नाही. एवढ्या कमी दरात रात्रीचं जोडकाम करणार कसं, हे विचारणं आमचं कामच होतं. नुसतं स्वस्त आहे म्हणून निविदा फेटाळता येत नाही, तशी डोळे मिटून घेताही येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्सिट्राल आयोगाच्या 2011 च्या आदर्श खरेदी कायद्यातही हाच क्रम आहे: आधी लेखी खुलासा मागायचा, तो तपासायचा, मग निर्णय. आम्ही दरपृथक्करण, म्हणजे प्रत्येक दर कसा बसवला त्याची फोड, मागवलं. बट फ्यूजनचं (प्लास्टिकच्या पाइपांची टोकं तापवून जोडायचं) यंत्र आणि वेल्डर त्यांचे स्वतःचे होते, जोडकामाचा दर त्यातून पटला. चाचणी आणि रस्त्याच्या दराचा खुलासा पटला नाही. टेंडरमधल्या कलमानुसार त्या फरकाएवढी जादा सुरक्षा अनामत मागितली. त्यांनी कुरकुर केली, पण भरली.

निर्णय कळवल्यावर आम्ही लगेच करार केला नाही. युरोपीय संघात निर्णय इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवला तर करारापूर्वी किमान 10 दिवस थांबावंच लागतं. आमच्यावर तशी सक्ती नव्हती, तरी आग्रह धरून मी थोडा अवधी ठेवून घेतला. त्यात एल-टूची हरकत आली. एल-वनचे दर असमतोल आहेत, असं तिचं सार होतं. म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही तक्त्यासह उत्तर दिलं: तुलना कशावर केली, खुलासा काय आला, कोणतं कलम लावलं. ते ठेकेदार स्वतः येऊन कागद पाहून गेले आणि हरकत पुढे नेली नाही. त्यानंतर कार्यारंभ आदेश निघाला.

काम सुरू होऊन दोन टप्पे झाले आहेत. उताराच्या बाजूला खडक खरंच वाढला, 25 टक्क्यांच्या पुढे गेला. मोजमाप पुस्तिकेत दोन्ही दरांच्या नोंदी वेगळ्या झाल्या, ठेकेदाराने सही केली आणि काम एक दिवसही थांबलं नाही. पहिल्या टप्प्याची हायड्रो टेस्ट पहिल्यांदा उतरली नाही, एका फाट्यावर गळती निघाली. तो जोड पुन्हा करून चाचणी उतरेपर्यंत शेवटचे 10 टक्के आम्ही सोडले नाहीत. तिसऱ्या टप्प्यातले व्हॉल्व्ह आले आहेत. मामांनी जागा आखून दिल्या आहेत आणि शटडाउनची सूचना या आठवड्यात निघेल.