लॅन्थॅनम आणि कळण्याची भाकरी

आमच्या नानांना, म्हणजे सासऱ्यांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चोपड्याहून जळगावला न्यावं लागतं. पण त्यांचा खरा राग डायलिसिसवर नाही, एका गोळीवर आहे. पांढरी, चपटी, जेवतानाच खायची. गिळायची नाही, चावून पार पीठ करायची. पहिल्याच दिवशी भडकले, "मी काय बईल शे का, रवंथ कराले?" पाकिटावरचं नाव वाचून मीच चपापले. लॅन्थॅनम कार्बोनेट.

एकवीस वर्षं मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. आवर्तसारणीच्या तळाशी जी वरची ओळ असते ना, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची (लॅन्थॅनाइड म्हणतात त्यांना), ती मी एका तासात उरकते. लॅन्थॅनाइड आकुंचन, दोन मार्कांचा प्रश्न, चला पुढे. "सजीवांना यांचा काही उपयोग नाही" हेही दरवर्षी ठोकून सांगितलंय. आणि आता तीच ओळ नानांच्या ताटात, भरताच्या शेजारी. (दुर्मिळ हे नावही तसं फसवंच. याच ओळीतला सिरियम जमिनीत जवळपास तांब्याइतका आहे.)

किडनी थकली की अन्नातला फॉस्फरस रक्तात साचत जातो. अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसतं. चार तासांच्या डायलिसिसने तो पुरेसा निघत नाही. त्यात आमचं खाणं कसं? कळण्याच्या भाकरीत उडीद, शेवभाजीत बेसन, भरतात शेंगदाणे. फॉस्फरसला खान्देशात पत्ता विचारावा लागत नाही. गोळीतला लॅन्थॅनम पोटातल्या आम्लात सुटा होतो आणि घासातल्या फॉस्फेटला धरून बसतो. तयार होणारं लॅन्थॅनम फॉस्फेट विरघळत नाही, म्हणून रक्तात न जाता दोघंही जोडीने बाहेर. म्हणूनच ती जेवणासोबत हवी. उपाशीपोटी घेतली तर धरायला कोणी नसतं.

श्रावणात नानांचं पोट दुखायला लागलं, चार दिवस साफ नाही. एक्स-रे काढला तर पोटात पांढरे ठिपके. टेक्निशियन बाहेर येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, बाबांनी नाणं-बिणं गिळलंय का?" नाना छताकडे बघत होते. माझ्या डोक्यात तेव्हा आवर्तसारणी उघडली: बेरियम ५६, लॅन्थॅनम ५७. पोटाच्या एक्स-रेआधी बेरियम पाजतात, त्याचा हा अगदी सख्खा शेजारी. हाही एक्स-रे अडवणारच! नाना आमची पाठ फिरली की गोळ्या अख्ख्या गिळत होते. आता त्या मी खलबत्त्यात कुटून देते, डॉक्टरांना विचारूनच. लसणाचा खलबत्ता वेगळा ठेवलाय.

पुढे कंबरेचा एमआरआय निघाला, तेव्हा याच ओळीतल्या दुसऱ्या भावाची गाठ पडली. गॅडोलिनियम. त्याच्याजवळ सात एकटे इलेक्ट्रॉन, म्हणून चुंबकीय क्षेत्रात तो आजूबाजूच्या पाण्याचा सिग्नल उजळवतो. पण सुट्टा गॅडोलिनियम विषारी. आकाराने कॅल्शियमसारखा असल्याने त्याच्या जागी जाऊन बसतो. त्यामुळे त्याला एका मोठ्या रेणूच्या पिंजऱ्यात घालून टोचतात, आणि किडनी तो पिंजऱ्यासकट बाहेर टाकते. ज्याची किडनीच बंद, त्याच्या अंगात पिंजरा रेंगाळतो. डायलिसिसवरच्या काही रुग्णांची कातडी लाकडासारखी घट्ट होते, हे १९९७ पासून दिसत होतं. त्यामागे गॅडोलिनियम आहे हे २००६ मध्ये लक्षात आलं. नव्या औषधांचे पिंजरे बरेच पक्के आहेत, तरी डॉक्टरांनी नानांचा एमआरआय कॉन्ट्रास्टशिवायच, म्हणजे गॅडोलिनियम न टोचताच केला. मला ते पटलं.

आता वर्गात ठोकून सांगितलेल्या माझ्या त्या वाक्याचं, सजीवांना उपयोग नाही म्हणणाऱ्या. इटलीत नेपल्सजवळच्या ज्वालामुखीच्या उकळत्या चिखलात मिथेन खाणारा एक जिवाणू सापडला. प्रयोगशाळेत तो काही केल्या वाढेना, त्याच चिखलाचं पाणी घातलं की वाढे. २०१४ मध्ये कारण कळलं: पाण्यातले लॅन्थॅनाइड. मिथेनॉल पचवणाऱ्या त्याच्या एन्झाइमला तेच लागतात. म्हणजे उपयोग आहे. आणि त्यासाठी इटलीला जायला नको. वाढणारं पान थोडं थोडं मिथेनॉल सोडतं, त्यावर गुलाबी जिवाणू जगतात, आणि त्यांच्यातही तसलंच एन्झाइम असतं. अशाच एका गुलाबी जिवाणूत २०१८ मध्ये लॅन्मोड्युलिन हे प्रथिन सापडलं. कॅल्शियमच्या गर्दीतून ते लॅन्थॅनाइड नेमके वेचतं.

हे सगळं मी नानांना ओट्यावर बसून सांगितलं, समोर आमचीच केळीची बाग. म्हटलं, नाना, या पानावरचे जंतूसुद्धा तुमचीच गोळी खातात. त्यांनी पानाकडे बराच वेळ पाहिलं.

"मंग त्या चावतस का गियतस?"