अकराव्या नंबरची बातमी

८ ऑगस्ट २०२४ च्या अंकाचं पहिलं पान आम्ही ६ तारखेच्या रात्रीच ठरवून मोकळे झालो होतो. विनेश फोगाटनं त्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकच्या कुस्तीत, ५० किलो गटात, जपानच्या युई सुसाकीला ३-२ नं पाडलं होतं. सुसाकी म्हणजे टोकियोत एकही गुण न देता सोनं नेलेली, आंतरराष्ट्रीय मॅटवर तोवर कुणाकडूनच न हरलेली बाई. पाठोपाठ आणखी दोन कुस्त्या मारून विनेश फायनलला गेली. चांदी नक्की झाली, म्हणून दोन मथळे तयार ठेवले होते : एक सोन्याचा, एक चांदीचा. तिसऱ्याची गरज पडेल असं डेस्कवर कुणालाच वाटलं नव्हतं.

मी पुण्यात एका दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर काम करते. आमची पाळी दुपारी चारला सुरू होते. ७ तारखेला बाराच्या सुमारास फोन वाजायला लागले. विनेशचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलंय, तिला बाद केलंय. मी रिक्षा करून ऑफिस गाठलं तोवर सगळ्या चॅनेलांवर लाल पट्ट्या फिरत होत्या आणि ऑफिसचे दोन तट पडले होते. एका बाजूला 'हा कट आहे', दुसऱ्या बाजूला 'शंभर ग्रॅम कमी करता येत नाही होय!'

वाचकांचेही तेच. लँडलाइनवर येणारे फोन ऑपरेटर थेट आमच्याकडं जोडून देत होता. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "कट करणाऱ्याचं नाव छापा, तुमच्यात हिंमत आहे का?" त्यांच्या मागोमाग आलेल्या फोनवरचे काका तितक्याच तावातावानं सांगत होते, की हिला देशाच्या पैशानं पाठवलं आणि हिनं आंदोलनात वेळ घालवला. आदल्या वर्षी ती जंतरमंतरवर बसली होती, ते यांनी मनात धरून ठेवलं होतं. आदल्या रात्री हेच काका पेढे वाटायला निघाले असतील, असं माझं मत. नियम काय आहे, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

नियम असा, की फ्रीस्टाइलमध्ये दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. दुसऱ्या दिवशी जास्त भरलं, तर पहिल्या दिवशीच्या कुस्त्याही गेल्या. पैलवान शेवटच्या क्रमांकावर, बिनरँकचा. सेमीफायनलला विनेशकडून हरलेली क्यूबाची युस्नेलिस गुझमान तिच्या जागी फायनल खेळणार होती.

हे छापायला मला कुणीतरी जाणकार हवा होता. कोल्हापूरकडचे एक वस्ताद आहेत, त्यांनी पोरं मातीवर वाढवली आणि मग मॅटवरही नेली. त्यांना फोन लावला. "वस्ताद, बातमी बघितली ना?"

"बघितली की, ताई. सकाळपासनं तालमीत कुणी जोर मारायला तयार नाही."

"लोक म्हणतायत शंभर ग्रॅम काय अवघड होतं."

ते थोडे थांबले. म्हणाले, "लोकांना शंभर ग्रॅम म्हणजे चहाचा कप वाटतो. ताई, पहिल्या दिवशी वजन दिलं, की पैलवान पाणी पितो, चार घास खातो. नाही खाल्लं तर लढणार कशावर? तीन कुस्त्या झाल्या तिच्या. संध्याकाळी वजन वर चढलेलंच असणार. मग रात्रभर पळायचं, वाफेत बसायचं, अंगावर कपडे चढवून घाम काढायचा. आता मी टीव्हीवर ऐकलं, की तिचे केस कापले. तुम्हाला कळतंय का, केसापर्यंत माणूस कधी येतो? अंगातनं घाम निघायचा बंद झाल्यावर येतो."

केस कापल्याची गोष्ट भारतीय पथकाचे डॉक्टर दिनशॉ पारडीवाला यांनीच सांगितली होती. कपडेसुद्धा कापून तोकडे केले होते. मूळची ती ५३ किलोत खेळणारी. तिथली जागा अंतिम पंघाल या दुसऱ्या पैलवान मुलीनं मिळवल्यामुळे ही ५० ला उतरली होती. हे सगळं एकत्र मांडलं तर बातमी होत होती. मी चौकट लिहायला घेतली.

फोन ठेवता ठेवता वस्ताद म्हणाले, "आमचे खाशाबा लंडनला सहावे आले होते, ते लिहा कुठंतरी." त्यांचं हे ठेवणीतलं वाक्य आहे. १९४८ ला लंडनला सहावा आलेला गोळेश्वरचा पैलवान १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्या खेपेला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. सहाव्या क्रमांकावर आलेल्या पोरासाठी घर गहाण टाकणारा माणूस आज सापडला, तर आमच्या वेबवाल्यांनी त्याच्यावर पोल घेतला असता : बरोबर की चूक?

पोलवरून आठवलं. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ठरलं, की वेबसाइटवर 'दोषी कोण?' असा सवाल टाकायचा : स्वतः विनेश, कोच, डॉक्टर की महासंघ. चार पर्याय. नियम हा पाचवा पर्याय ठेवा, असं मी म्हटलं, त्यावर लोक हसले. माझी चौकट छापली गेली, पण जाहिरात आल्यामुळे अर्धी होऊन. वस्तादांचं केसांचं वाक्य मी शेवटपर्यंत सोडलं नाही, ते राहिलं. पोल मात्र रात्रभर पहिल्या नंबरवर चालला.

या गदारोळात बाकीचे हरणारे कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. अंतिम पंघाल पहिल्याच कुस्तीत ०-१० नं गेली. आपल्या नाशिक जिल्ह्यातला उंच उडीवाला सर्वेश कुशारे २.१५ मीटर ओलांडून २.२० ला अडकला आणि पात्रता फेरीतच थांबला. या सगळ्यांची मोट बांधून एक बातमी होते. वर शीर्षक ठरलेलं : 'अन्य भारतीयांकडून निराशा'. सर्वेशच्या वाट्याला त्यात अर्धं वाक्य आलं. पुढच्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो २.२८ मीटर उडी मारून सहावा आला, त्या स्पर्धेच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय उंच उडीपटू म्हणून. तेव्हाही फोटो मिळवायला मला भांडावं लागलं, कारण पदक कुठंय?

दुर्लक्ष झालं तर ते एका अर्थी बरंच, असंही या डेस्कवर बसून वाटायला लागतं. २०२१ ची टोकियो ऑलिंपिक मी इथंच बसून काढली. हॉकीत वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. आम्ही तिचा पाव पानाचा फोटो लावला. त्याच आठवड्यात ४ ऑगस्टला आपण अर्जेंटिनाकडून सेमीफायनल १-२ हरलो, आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादला तिच्या घरासमोर फटाके फोडून तिच्या घरच्यांना जातीवरून शिवीगाळ झाली. प्रकरण पोलिसांत गेलं. त्या रात्री एजन्सीची ती बातमी वाचताना मला आधी वाटलं, मजकुरात काही गडबड आहे. हरल्यावर फटाके कोण फोडेल? क्रिकेटवाल्यांच्या घरावर दगड पडणं आपल्याला नवं नाही. २००७ च्या वर्ल्डकपात बांगलादेशाकडून हरल्यावर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली होती. पण हॉकीतल्या पोरी जिंकतात तेव्हा यातल्या कितीजणांना त्यांची नावं तरी माहीत असतात?

असो. ७ तारखेची रात्र अजून संपायची होती.

बीडकडं जाणारी आवृत्ती लवकर सुटते, गाड्यांना लांब जायचं असतं. त्यामुळे मांडव्याच्या अविनाश साबळेची स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल त्याच्याच जिल्ह्यातल्या अंकात बसणार नव्हती. शर्यत आपल्याकडच्या वेळेनुसार रात्री एकच्या पुढं. बीडच्या पानावर 'मध्यरात्री धावणार' एवढंच सोडलं आणि शहराचं पान शर्यत होईपर्यंत धरून ठेवलं.

आधी मीराबाई चानूचं वेटलिफ्टिंग. एकूण १९९ किलो. तिसरं पदक थायलंडच्या मुलीनं २०० किलोवर नेलं. एका किलोनं चौथी. शेवटचा ११४ चा प्रयत्न फसला आणि ती मंचावरून हात जोडून उतरली. तिचं म्हणणं उशिरा हाती आलं : आज पाळीचा तिसरा दिवस होता, थोडं अशक्त वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये यावर बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. मग एक वरिष्ठ म्हणाले, "हे खेळाच्या पानावर बरं दिसतं का? शिवाय लोक म्हणणार, कारणं देते." मी म्हटलं, "गुडघा दुखत होता असं ती म्हणाली असती, तर आपण मथळ्यात घेतलं असतं." छापलं. पण दुसऱ्या परिच्छेदातून पाचव्यात गेलं.

साबळेची शर्यत मी डेस्कसमोरच्या टीव्हीला चिकटून उभ्यानं बघितली. शेवटच्या फेऱ्यांत पुढचा घोळका सुटला आणि तो मागं राहिला. मोरोक्कोच्या अल बक्कालीनं ८:०६.०५ मध्ये सोनं घेतलं. साबळे ८:१४.१८, अकरावा.

मी पानात आकडा घालेपर्यंत मोबाइलवर आमच्याच ॲपचं नोटिफिकेशन आलं : 'बीडच्या अविनाशकडून घोर निराशा'. वेब डेस्क पलीकडच्याच रांगेत. तिथं रात्रपाळीला एक विशीतला मुलगा होता, चांगला चुणचुणीत. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि कागदावर तीन आकडे लिहिले. टोकियो ऑलिंपिक, ८:१८.१२, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम, तरी फायनल हुकली. हांगझोऊ एशियाड, ८:१९.५०, सुवर्ण. आज, ८:१४.१८.

"म्हणजे सोनं मिळालं त्या दिवसापेक्षा आज जोरात पळाला?" त्यानं विचारलं.

"पाच सेकंदांनी. आणि ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या फायनलला आजवर आपला एकही पुरुष पोचला नव्हता."

"मग निराशा कुणाची झाली?"

मी म्हटलं, तेच तर.

त्यानं मुकाट्यानं बदललं : 'अविनाश साबळे जगात अकरावा, एशियाडच्या सुवर्णापेक्षा पाच सेकंद वेगवान'. मग स्क्रीन माझ्याकडं वळवली. निराशावाल्या मथळ्याचा आलेख सरळ वर गेला होता आणि बदलल्याबरोबर आडवा झाला होता. "मॅडम, सकाळी मला याचा जाब विचारणार," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. त्याचा महिन्याचा हिशोब त्या आलेखावर होतो. मी एक मेल टाकून ठेवला, की बदल माझ्या सांगण्यावरून झाला आहे. त्याखाली आलेल्या चार-दोन प्रतिक्रियांपैकी एक अशी होती : 'अकरावा येऊन फेटा बांधणार का?' साबळे लष्करातला माणूस, सियाचिनला ड्युटी केलेला. एशियाडनंतर त्याला फेटा बांधणाऱ्यांत हा गृहस्थ नसेलच असं नाही.

सकाळी अकराला आष्टीच्या वार्ताहराचा फोन आला. मी झोपेतच होते. "मॅडम, इथं स्टँडवर लोक पेपर घेऊन बसलेत, आणि पेपरात पोरगं अजून पळायचंच आहे."

"तुमची आवृत्ती लवकर सुटते, माहीत आहे ना तुम्हाला."

"माहीतंय. पण मी लिहून पाठवतोय. गावात लोक रात्री जागले होते. कुणाला काही वाईट नाही वाटलेलं, तेवढं लिहितो."

त्याची कॉपी दुपारी आली. शुद्धलेखनाच्या चुका सोडल्या तर त्यात एकही अलंकार नव्हता. कोण कुठल्या टीव्हीवर बघत होतं, शर्यत संपल्यावर कोण काय म्हणालं, सकाळी कोण शेतावर गेलं. मी ती तीन कॉलम लावायची ठरवली.

पण ८ तारखेला संध्याकाळी हॉकीचं कांस्य आलं आणि रात्री नीरज चोप्राची चांदी. अर्शद नदीम ९२.९७ मीटर, नीरज ८९.४५. शेजारच्या टेबलावर 'नीरजचे रौप्यावर समाधान' असा मथळा टाइप होऊन तयारही होता, आणि वाचकांचे फोन सुरू झाले होते, की पाकिस्तानच्या माणसाकडून हरलाच कसा? पानं नव्यानं आखली गेली. शहर आवृत्तीतून साबळेचा मजकूर निघाला तो निघालाच. बीडच्या आवृत्तीत तीन कॉलमांचे दोन झाले.

वार्ताहराला कळवलं, की तुमची बातमी फक्त तुमच्याकडच्या अंकात आहे, पुण्यात नाही बसली.

"म्हणजे जिथं सगळ्यांना माहीतच आहे, तिथंच छापून आली," तो म्हणाला, आणि मानधन कधी जमा होणार ते विचारायला लागला.