साल्वादोरला भेटला गोंयचो सायब

ब्राझीलचं साल्वादोर हे दुमजली शहर आहे. खाली बंदर, वर जुनी राजधानी आणि मध्ये उभा कडा. 1549 मध्ये तोमे दि सोझाने ते वसवलं. पुढे 1763 पर्यंत पोर्तुगीज ब्राझीलचा कारभार इथूनच चालला. पर्यटकांचा गट घेऊन गेले की मी खालून सुरुवात करते आणि चढ लिफ्टवर सोपवते. उलट क्रम धरला तर दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागतात. शिवाय संध्याकाळी खालची पेठ ओस पडते, तेव्हा तिथे रेंगाळणं बरं नाही.

त्या मंगळवारी गटात 14 जण होते. सकाळी आधी उत्तरेला बोनफिमचं चर्च केलं. त्याच्या कठड्याला हजारो रंगीत फिती बांधलेल्या असतात. मूळची फीत 47 सेंटिमीटरची, आतल्या मूर्तीच्या हाताच्या मापाची. मनगटाला तीन गाठी मारायच्या, दर गाठीला एक इच्छा. फीत कापायची नाही, आपोआप तुटू द्यायची. दारातले विक्रेते न विचारता बांधायला लागतात, मग पैशांवरून वाद होतो. बांधून घ्यायची नसेल तर हात मागे घ्या आणि स्पष्ट नाही म्हणा.

लिफ्टच्या पायथ्याशी कोन्सेइसाँव दा प्राया हे चर्च आहे. बहुतेक लोक त्याच्यासमोरून सरळ निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. त्याचे दगड पोर्तुगालमध्ये घडवले, त्यांवर क्रमांक टाकले, जहाजांतून आणले आणि इथे जुळवले. हा लिओझ नावाचा चुनखडक. दाराच्या चौकटीजवळ डोळे नेले की दगडात जुन्या शिंपल्यांचे आडवे-तिरपे काप दिसतात. बोट फिरवायचा मोह होतो, पण घामट हात लावू नये.

मग लासेर्दा लिफ्ट. 1873 पासून चालू असलेली, 72 मीटर उंच. अर्ध्या मिनिटात वर. वरच्या चौकातून उपसागर आणि पाण्यातला गोल साँव मार्सेलो किल्ला दिसतो. फोटो इथेच काढून घ्यावेत.

तेरेइरो दि जेझुस चौकातलं कॅथेड्रल मूळचं जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचं, सतराव्या शतकातलं, तेही लिओझचंच. दर्शनी भिंतीवर तीन संतांचे पुतळे आहेत. मी नावं सांगण्याआधीच पेडण्याच्या एका काकू थांबल्या, पदर सावरून वर बघत म्हणाल्या, "अगो, हो आपलो गोंयचो सायब मगो?" तेच होते, सेंट फ्रान्सिस झेवियर. साथीच्या काळात, 1686 मध्ये, या शहराने त्यांना आपला रक्षक संत मानलं. ते ब्राझीलला कधीच आले नव्हते. त्यांचा देह जुन्या गोव्यात, बॉम जेझुसमध्ये आहे. तिथली भिंत उघड्या जांभ्या दगडाची, इथली फिकट लिओझची. काकूंनी चप्पल काढून तिथूनच हात जोडले. गटातलं कुणी काही बोललं नाही.

जवळच्या साँव फ्रान्सिस्को चर्चमध्ये सोन्याचा वर्ख दिलेलं लाकूडकाम आणि लिस्बनच्या निळ्या फरशा आम्ही सावकाश पाहिल्या. पुढे 5 फेब्रुवारी 2025 ला त्याच छताचा भाग कोसळून एक पर्यटक तरुणी गेली. दमट हवा आणि वाळवी हे जुन्या लाकडाचे कायमचे वैरी. आता जाण्याआधी ते उघडं आहे का, याची चौकशी करायलाच हवी.

मंगळवारी बार्राच्या दीपगृहावरचा सूर्यास्त की पेलोरिन्यो या जुन्या भागातल्या रोझारिओ चर्चची संध्याकाळची प्रार्थना, यांतलं एकच साधतं. जूनमध्ये सूर्य सव्वापाचलाच बुडतो, पण तिथून गर्दीतून वेळेत परत येणं जमत नाही. मी रोझारिओ निवडते. पेलोरिन्योचा उतार गुळगुळीत गोट्यांचा, म्हणून रबरी तळव्याचे बूट हवेत. पेलोरिन्यो म्हणजे गुलामांना फटके मारायचा खांब. त्याच उतारावर कृष्णवर्णीयांच्या मंडळाने आपलं हे निळं रोझारिओ चर्च उभारलं. दिवसभर मालकाचं राबून रात्री बांधकाम करत, म्हणून जवळजवळ शंभर वर्षं लागली. मागे गुलामांची दफनभूमी आहे.

आत आताबाके ढोल वाजत होते. पावाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बायका नाचत वेदीकडे गेल्या, आणि शेवटी तो पाव सगळ्यांना वाटला. काकूंनी अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधून पेडण्याला न्यायला ठेवला.