आमची वाटचाल: लग्नपत्रिका ते फटफटी

लोक नेहमी विचारतात, तुम्ही मराठी माणसं, पेन्सिल्वेनियात बसून हार्ले आणि इंडियन या अमेरिकन कंपन्यांच्या जुन्या मोटरसायकलींबद्दल इंग्रजी त्रैमासिक काढायचं कसं काय सुचलं. खरं सांगू का, सुचलं वगैरे काही नाही, एका गिऱ्हाइकाने गळ्यात मारलं.

आमचं मूळ काम छपाईचं. २००९ मध्ये मी आणि बायकोने रेडिंगजवळ बंद पडायला आलेला एक छोटा प्रेस घेतला. हॉटेलांचे मेनू, चर्चची पत्रकं, आपल्या लोकांच्या लग्नपत्रिका आणि वर्षातून एकदा मंडळाचा दिवाळी अंक. तो दिवाळी अंक म्हणजे आमचं कॉलेजच म्हणा, जाहिरातवाला शेवटच्या रात्री मजकूर पाठवणार, संपादक अंक मशीनवर चढल्यावर ऱ्हस्व-दीर्घ बदलणार, आणि पानं ४ च्या पटीत बसवायची म्हणून कुणाची तरी कविता सारखी आत-बाहेर होणार.

तर हे गिऱ्हाईक म्हणजे एक रिटायर्ड टूलमेकर आजोबा, त्यांच्याकडे १९४८ ची पॅनहेड हार्ले. (इंजिनाची वरची झाकणं पालथ्या घातलेल्या भांड्यासारखी दिसतात म्हणून पॅनहेड, आणि त्याच्या आधीचं १९३६ चं इंजिन आवळलेल्या मुठीच्या हाडांसारखं दिसतं म्हणून नकलहेड, ही नावं लोकांनीच पाडलेली.) इंजिन खोलताना घेतलेली मापं त्यांनी वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलेली, त्याच्या ४० प्रती काढून द्या म्हणाले, मित्रांना द्यायच्यात. मग एप्रिलमध्ये मलाच गाडीत घालून ओली गावच्या स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजाराला, घेऊन गेले.

ओली आमच्यापासून जवळच. पुण्याचा जुना बाजार आठवा, तसंच, फक्त सगळं मोटरसायकलचं. चिखलात ताडपत्र्या, त्यावर गंजलेल्या टाक्या, मडगार्डं, बादलीभर नट, आणि दोन माणसं एका पितळी लिंकर्ट कार्बुरेटरवरून अर्धा तास घासाघीस करतायत. अँटिक मोटरसायकल क्लब ऑफ अमेरिका १९५४ पासून आहे, ३५ वर्षांच्या पुढची गाडी म्हणजे अँटिक असा त्यांचा हिशोब. तिथे कुणीतरी फ्लॅटहेड इंजिनाच्या गाडीला किक मारली आणि मला एकदम माझे आजोबा आठवले, ते कुठल्याही मोटरसायकलला फटफटीच म्हणायचे. तो आवाज उगाच नाही येत. हार्लेचे दोन सिलेंडर ४५ अंशांत, दोन्ही पिस्टनचे रॉड एकाच क्रँकपिनवर, त्यामुळे एक स्फोट क्रँक ३१५ अंश फिरल्यावर आणि दुसरा ४०५ अंशांनी, म्हणून तो ताल जरा लंगडा. दिल्लीत तर महायुद्धानंतर मिलिटरीच्या जुन्या हार्ले-इंडियनला मागे बाकडी जोडून सवारी गाड्या केल्या होत्या, त्यांचं नावच फटफटी.

असो. जेवणाच्या आधी ४० च्या ४० प्रती संपल्या, त्यातल्या बऱ्याच आजोबांनी फुकट वाटायच्या ऐवजी विकल्या हे मला नंतर कळलं.

त्यावरूनच २०१६ च्या शरद ऋतूत पहिला अंक काढला, त्यात मागे आजोबांच्या मापांची पानं. त्रैमासिक, ९६ पानं, गुळगुळीत जाड कागद, पाठीला गोंद लावलेलं परफेक्ट बायंडिंग, एकदम कॉफी टेबलावर ठेवायचा थाट. आणि कव्हरवरच आपटलो. नकलहेडचा फोटो होता, मांडणीत बरा दिसतो म्हणून मीच तो डावा-उजवा उलटवला. टाकीवर नवा काळा रंग, अक्षरं काही नव्हती, त्यामुळे कुणाला कळेना. बायको प्रूफ वाचते पण ती अक्षरं वाचते, गिअरचा दांडा नाही वाचत. जुन्या हार्लेच्या टाकीवर हा दांडा डाव्या बाजूला असतो, आमच्या कव्हरवर तो उजवीकडे, म्हणजे इंडियनसारखा, आणि किक डावीकडे. पहिल्याच फोनवर माणूस विचारतो, मिलवॉकीने (हार्लेचं गाव) स्प्रिंगफील्ड (इंडियनचं गाव) विकत घेतलं काय हो? दुसऱ्या अंकात छापलं, 'मागच्या अंकाचं कव्हर आरशात बघावे.' त्यावर लोक इतके खूश झाले की वर्गणीदार वाढले.

पण खरा धडा वेगळाच होता. ओहायोतल्या एका वर्गणीदाराने फोन केला, तुमचा अंक वर्कबेंचवर उघडा राहत नाही. क्लच खोललेला, दोन्ही हात ग्रीसने भरलेले, आणि पान आपोआप मिटतं, मग तो त्यावर पाना ठेवतो आणि पाठ फुटून पानं सुटी होतात. मी म्हटलं, अहो हा अंक वाचायचाय, त्यावर काम नाही करायचं. तो म्हणाला, फोटो काय, नेटवर फुकट मिळतात, मी पैसे त्या मापांच्या पानांचे देतो. त्या रात्री आम्ही दोघं आलेली सगळी पत्रं काढून बसलो, तर जवळजवळ प्रत्येक पत्र त्याच पानांबद्दल. आणि आम्ही ती मागे, जाहिरातींच्या शेजारी, बारीक टायपात टाकत होतो!

तेव्हापासून ६४ पानं, मध्ये पिन. पिन मारली की मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये कडेचा आकडा उडायची भीती, म्हणून मापांच्या मधल्या १६ पानी फर्म्याचा (एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याचा) मजकूर आत ओढून लावतो. तो फर्मा साध्या, न चमकणाऱ्या कागदावर, पेन्सिलीने लिहिता यावं म्हणून. एका जाहिरातदाराने त्या कागदावर क्रोम मातीसारखा दिसतो म्हणून जाहिरात काढून घेतली, खरंच दिसतो, काय करणार.

दुकानात विकायचा नाद मात्र महागात पडला. वितरक प्रती घेतो, पैसे विकलेल्यांचेच देतो, आणि न विकलेल्या परतही येत नाहीत, तिकडेच लगदा होतो आणि आपल्याला नुसता आकडा येतो. आपल्याकडे निदान रद्दीवाला किलोवर पैसे देतो! चार अंकांनंतर बंद केलं. पोस्टाचा नियतकालिकांचा स्वस्त दर मिळवायलाही कागदपत्रांचा ढीग लागला, वर्षाला किमान ४ अंक, आणि निम्म्या तरी प्रती पैसे भरून किंवा रीतसर मागणी करून घेतलेल्या पाहिजेत, त्याची यादी दाखवायची. शिवाय दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत खपाचं निवेदन द्यायचं आणि ते अंकात छापायचं. नेमका तेव्हाच मंडळाचा दिवाळी अंक, म्हणजे टेबलाच्या एका बाजूला कविता आणि दुसऱ्या बाजूला कार्बुरेटर.

आजोबा अजून मापं तपासतात, त्यांच्या सहीशिवाय तो फर्मा मशीनवर जात नाही. गेल्या महिन्यात एकाने आधी घेतलेलाच अंक परत मागवला. म्हटलं, हरवला का? नाही म्हणाला, तेल सांडून पान ३१ वाचता येत नाही. बायकोने पूर्ण किंमत लावली, पोस्टेज वेगळं.