तुम्ही विचारलंत म्हणून: खुर्च्या उचलायला कोण येणार?

मंडप-खुर्चीच्या धंद्यातल्या माणसाला लोक एरवी भाडं किती एवढंच विचारतात. मला मात्र मिरजेत आणखी एक प्रश्न हमखास येतो. "काय हो, शांतता कमिटी म्हणू नका, सर्वधर्म परिषद म्हणू नका, सगळीकडं तुमच्याच खुर्च्या. खरं सांगा, या कार्यक्रमांनी काही होतं का?" विचारणारा बहुतेक वेळा उत्तर घेऊनच आलेला असतो. मी "कसलं काय होतंय!" म्हणावं, दोघांनी हसावं, चहा प्यावा, अशी त्याची अपेक्षा. मी हसतो, चहाही पितो. पण खरं उत्तर एका कपात संपत नाही, म्हणून ते इथं लिहितोय.

आमच्या डायरीत एकोप्याचा स्वतंत्र हंगाम असतो. ३० जानेवारी, २० ऑगस्टचा सद्भावना दिवस, २ ऑक्टोबर, १९ ते २५ नोव्हेंबर कौमी एकता सप्ताह. शिवाय गणपती-मोहरमच्या आधी शांतता समितीच्या बैठका. त्यांचं बिल मी करत नाही, आणि आजवर कुणी मागितलंही नाही.

संमेलन असलं की ऑर्डर पाचशे खुर्च्यांची. पुढं पाहुण्यांसाठी सोफे, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या. प्रत्यक्षात माणसं दीडशे, त्यात साठेक पोरं शाळेतून रांगेनं आणलेली. व्यासपीठावर एक गंधवाले, एक टोपीवाले, एक पांढऱ्या झग्यातले, एक चीवर पांघरलेले. पहिला पाऊण तास शाल-श्रीफळ. मग सगळ्यांचं भाषण एकच, की सगळे धर्म प्रेमच शिकवतात. खाली बसलेल्यांना हे आधीच पटलेलं असतं, म्हणून तर ते आलेले असतात. ज्याला पटलेलं नाही तो समोरच्या पानटपरीपाशी मोबाईल बघत उभा असतो. त्याच्यासाठी आम्ही बाहेर भोंगा लावतो. तो ऐकत नाही.

म्हणजे विचारणाऱ्याचं बरोबर? थांबा. मांडायचं काम माझी पोरं करतात. मी स्वतः जातो ते कार्यक्रम संपताना, मोजून माल ताब्यात घ्यायला. आणि तीस वर्षांत एक गोष्ट बघितलीय. काही ठिकाणी आभारप्रदर्शन व्हायच्या आत मैदान मोकळं होतं. काही ठिकाणी दहा-पंधरा जण उगाच मागं रेंगाळतात, कुणी न सांगता खुर्च्या एकावर एक चढवतात, जाजमाची चारी टोकं चौघं धरतात आणि घडी कशी घालायची यावरून भांडतात. पहिल्या प्रकारच्या कार्यक्रमाचं पुढं काय झालं ते मला कधी ऐकू आलं नाही. दुसऱ्या प्रकारचा पुढच्या वर्षी परत होतो.

वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीचं नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. तिथल्या मंडळाचा गणपती चाळीसहून जास्त वर्षं मशिदीत बसतो. लोकांना त्यात सलोख्याचं प्रतीक दिसतं, मला मंडपवाल्याला आधी ताडपत्री दिसते. कारण सुरुवात झाली पावसानं. मूर्ती भिजायला लागली, आणि मशिदीतल्या लोकांनी ती आत आणायला लावली. ठराव नाही, परिषद नाही. आमच्या धंद्यातल्या कुणाचं तरी छत नीट असतं तर ही परंपरा सुरूच झाली नसती, असं मी गमतीनं म्हणतो. पुढं एकदा बकरी ईद गणपतीत आली, तेव्हा तिथल्या मुसलमानांनी नुसती नमाज पढली आणि मांस टाळलं. तोवर त्यांना कुणी व्यासपीठावर बोलावलं असेल असं वाटत नाही.

आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचा मोहरम बघायला लोक ताबुतांच्या भेटीच्या दिवशी जातात. मी जातो आधी, बांधणी चालू असताना. शंभर फुटांहून उंच ताबूत, सगळे बांबूचे, अष्टकोनी, मजल्यावर मजले. बकरी ईदेनंतर काम सुरू होतं, म्हणजे जवळजवळ महिनाभर. त्यातले काही ताबूत हिंदूंचे आहेत. परंपरा दीडशे वर्षांच्या पुढची. आम्ही कुठलंही बांधकाम खालून वर नेतो. कडेगावकर कळसापासून सुरू करून खाली येतात. आधी वरचा भाग, मग तो उचलायचा आणि खाली मजला जोडायचा. आता विचार करा, वरचा डोलारा तयार आहे आणि त्याच्या खाली अजून काही नाही. तो पेलायला माणसंच लागतात, आणि कोण कुठल्या आळीचा हे विचारत बसायला कुणालाही सवड नसते. मी धंद्यातला माणूस, पण एवढी उंच बांधणी अशी उलटी करायची म्हटलं तर ॲडव्हान्स परत करीन.

मिरजेचं तर काय सांगू. ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात मानाचा पहिला गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. त्याच दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ विसावलेत. १९३७ साली ते गेले, आणि त्यांच्या नावानं उरुसात संगीत सभा होते. तिथं खुर्च्यांचं काम कमी. लोक मांडी घालून बसतात, मांडी आखडली तरी उठत नाहीत, आणि शेजारी कोण बसलंय ते पहाटे उजाडल्यावर कळतं. बाहेरचा वक्ता मिरजेत आला की आणखी एक दाखला देतोच देतो, तो म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी सतारी घडवल्याचा. खरं आहे ते. पण त्यांनी ते अहिंसेच्या प्रेमापोटी नाही, पोटापायी केलं. हत्यारांचा धंदा बसला आणि घरात खाणारी तोंडं तेवढीच होती. वक्त्याला हे सांगितलं की तो जरा हिरमुसतो. का, ते मला कळत नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मंडपवाल्याचं म्हणणं सरळ आहे: भाषण नको, काम द्या, माणसं आपोआप जवळ येतात. मलाही २००९ पर्यंत तसंच वाटायचं.

त्या सप्टेंबरात विसर्जन तोंडावर आलं असताना एका स्वागत कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल उसळली, तिचं लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेलं. (ती कमान माझी नव्हती. लोक अजून विचारतात, म्हणून आधीच सांगतो.) संचारबंदी लागली, विसर्जनं लांबली. माझे मांडव गावभर उभे आणि मी घरात, खिडकीची फट धरून. सूट मिळाल्यावर मी आणि चाचा मोजदाद करायला निघालो. चाचा म्हणजे वडलांच्या काळापासूनचे आमचे बांधणीवाले. माझी पन्नाशी जवळ आली तरी मला 'धाकटे मालक' म्हणायचे.

चौदा बांबू गेले होते. चोरीला गेले असं कुणी म्हणेल, पण त्या आठवड्यात बांबू कशाला लागतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. एका मांडवापाशी खांबाला सुतळीची टोकं लोंबत होती, ब्लेडनं कापलेली, सरळ. चाचांनी ती बघून सोडून दिली. दुसऱ्या मांडवापाशी मात्र ते खाली बसले. सुतळी जमिनीवर पडली होती, अख्खी, वळ्यावळ्यांची. कापलेली नव्हती, सोडवलेली होती. आमची गाठ अशी असते की ओढाल तितकी घट्ट होते, आणि एका टोकाला अंगठा लावून उलटा पीळ दिला तरच सुटते. ज्याला ती ठाऊक नाही तो कापणार. चाचा सुतळी हातावर गुंडाळत म्हणाले, "धाकटे मालक, हा आपल्यातला आहे. आपल्याकडनं शिकलेला."

हंगामाला आमच्याकडं चाळीसभर पोरं रोजावर यायची, दोन्हीकडची. एकत्र बांबू चढवलेली, एका डब्यात जेवलेली. त्यातल्या एकानं ती गाठ सोडवली. कुठल्या बाजूच्या, ते मला कळलं नाही. चाचांना कळलं असावं. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तेव्हा एकत्र काम केलं की झालं, हेही तितकंसं खरं नाही.

पुढच्या वर्षी मी एक खटपट केली. गणपतीची ऑर्डर घेऊन मंडळाची पोरं आली की सांगायचं, मांडव तुम्ही बांधा, पण पलीकडच्या गल्लीतली सहा पोरं घेऊन या. मजुरी बिलातून वजा. उरुसाच्या वेळी उलट. शांतता वगैरे शब्द काढायचा नाही, नुसता पैशाचा हिशेब. चाचा चिडले. "गाठ शिकवून आणखी चौदा घालवायचेत का?" पहिल्या वर्षी दोन मंडळं तयार झाली, आणि त्यातल्या एकानं मुळात पोरं आणलीच नाहीत, आपल्याच मावसभावांना पुढं केलं. तिसऱ्या वर्षी एक जोडी क्रिकेटच्या मॅचवरून फुटली ती फुटलीच. पण तीन मंडळं टिकली. त्यांना आता मजुरी वजा केली नाही तरी पलीकडची पोरं येतात, कारण तोवर त्यांचे आपसांत उधारीचे व्यवहार सुरू झालेत. कुणाची गाडी कुणाकडं, कुणाची भिशी कुणाकडं. भांडायचं म्हटलं तर आधी हिशेब मिटवावा लागेल, आणि तो कुणाचाच मिटत नाही.

आमचे एक गिऱ्हाईक आहेत, पोलिसातून निवृत्त झालेले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, सुरेश खोपडे साहेबांनी भिवंडीत हेच केलं. १९८४ ला भिवंडी दंगलीत जळाली होती. ८८ ला खोपडे तिथं पोलीस अधिकारी म्हणून गेले आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात कमिट्या काढल्या, पुढारी नव्हे, साध्या माणसांच्या. त्या भेटत राहिल्या, गटार-पाण्याचं बोलायला का होईना. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. मी म्हटलं, साहेब, मग आपल्या शांतता समितीला वर्षातनं दोनदाच खुर्च्या का लागतात? ते हसले. पोलिसांचं हसणं कळत नाही.

तरी बैठकांना मी नावं ठेवणार नाही. वेळेचा घोळ तिथंच सुटतो. मिरवणूक मशिदीवरून किती वाजता जाणार, अजानच्या वेळी स्पीकर कोण बंद करणार, तो 'कोण' म्हणजे नावानिशी कोण. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजानं जुलूस पुढं ढकलला. ते अशाच रटाळ बैठकांमधून ठरलं असणार, बिस्किटाच्या पुड्यांच्या साक्षीनं.

पण त्याच महिन्यात आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पुसेसावळीला, मोबाईलवरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर गेला आणि एक तरुण जीव गेला. दोन्ही गोष्टी एकाच सप्टेंबरातल्या. मला विचाराल तर त्या एकत्रच लक्षात ठेवाव्यात.

त्याच वर्षीचा वसंत ऋतू मात्र मला फार आवडतो. रमजान चालू असतानाच ३० मार्चला रामनवमी, ४ एप्रिलला महावीर जयंती, ७ ला गुड फ्रायडे, १४ ला आंबेडकर जयंती, आणि २२ ला ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी. खुर्च्या गोडाऊनला परत यायच्याच नाहीत. महावीर जयंतीला जैनांचं जेवण सूर्यास्ताच्या आत उरकायचं असतं आणि इफ्तार सूर्यास्तालाच. मध्ये वेळ जवळजवळ शून्य. तीनशे खुर्च्या इथून तिथं कशा न्यायच्या? शेवटची पंगत उठता उठता जैन बोर्डिंगमधली दोन पोरं म्हणाली, काका, आम्ही टेम्पोत चढवतो. चढवल्या, आणि बरोबर आलीही. तिथं उतरवेपर्यंत मगरिबची अजान झाली. कुणी तरी त्यांच्या हातावर खजूर ठेवला. एकानं आकाशाकडं बघितलं, सूर्य मावळला होता, त्याला आता खायचं नव्हतं. त्यानं खजूर खिशात टाकला, "सकाळी खातो" म्हणाला. देणाऱ्यानं "बरोबर आहे" म्हटलं आणि आणखी दोन दिले.

परवाच फोन आला. २ ऑक्टोबरला सर्वधर्म संमेलन, खुर्च्या पाचशे. मी म्हटलं, देतो. कार्यक्रम झाल्यावर उचलायला कोण येणार? पलीकडचे गोंधळले. "तुमची पोरं असतीलच की." असतील. मी तीनशे लिहून घेतल्या.

आणि ते चौदा बांबू. आमच्या प्रत्येक बांबूच्या बुडाला दोन लाल पट्टे असतात, मधे पांढरा. चारेक वर्षांपूर्वी एका गल्लीतून स्कूटरवरून जाताना दारापुढची वाळवणाची दोरी दिसली. दोरीला मधे टेकू दिलेला बांबू, बुडाला दोन फिकट लाल पट्टे. वर पोरांचे शाळेचे शर्ट वाळत होते. टेकू दोरीला ज्या गाठीनं बांधला होता ती आमचीच. चाचा तोवर गेले होते, नाहीतर दाखवली असती. मी गाडी हळू केली, थांबवली नाही. गल्ली कुठली, हे मात्र विचारू नका.