दगडातली वर्दळ

ब्रिटनीतल्या खेड्यांमधले जुने दगडी क्रूस पाहताना माझी नजर वर फारशी टिकत नाही. ती खालच्या चौथऱ्यावरच्या गर्दीत अडकते. फ्रान्सच्या या वायव्य टोकाला चर्चच्या आवारात, थडग्यांच्या सोबतीला क्रूस असायचाच. काही गावांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी क्रुसाभोवती येशूचं अख्खं चरित्र कोरून घेतलं.

गिमिलिओला १५८१ ते १५८८ या काळात असं चरित्र उभं राहिलं, त्यात दोनशेच्या आसपास माणसं. त्यातले रोमन म्हणवणारे शिपाई सोळाव्या शतकातले कपडे घालून मिरवतात. त्यांच्यातच कातेल गोलेत सापडते. नाचाचं वेड असलेली, शेवटी सैतानाबरोबर नाचलेली लोककथेतली पोर. भुतं तिला ओढत नरकाच्या जबड्यात नेताहेत. बायबलमध्ये तिचा पत्ता नाही. पण गावातल्या पोरींना धाक घालायला तीच उपयोगाची.

या हौसेला पैसा पुरवला जवसाने. त्याच्या धाग्याचं इथलं लिननचं कापड मोर्ले बंदरातून इंग्लंडला जाई. शेतकरी-व्यापारी गबर झाले आणि गावागावांत चढाओढ लागली. एकाने कमान उभारली की दुसऱ्याला अस्थिगृह हवंच. देवाच्या नावावर शेजाऱ्याचं नाक खाली करण्याची सोय कुणी सोडतं होय?

मला सगळ्यात आवडतो तो समुद्राजवळच्या त्रोनोएनचा क्रूस. मोठ्या क्रूसांमध्ये हा सर्वांत जुना, १४५० ते १४७०च्या दरम्यानचा. तिथली मरीया अस्सल बाळंतीण आहे: पलंगावर आडवी, केस मोकळे, छाती उघडी. बाळ मात्र शेजारी दोन पायांवर उभं. आणि योसेफ टोपी घालून पेंगतोय! बाळंतिणीच्या खोलीतल्या बापाचं इतकं खरं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. खाऱ्या वाऱ्याने इथल्या ग्रॅनाइटचे चेहरे पार झिजलेत, शेवाळासारखे डाग चढलेत. हा प्रसंग मात्र बराच शाबूत आहे, कारण तो केर्सांतों दगडातला. ब्रेस्टच्या खाडीकाठचा हा काळसर दगड खाणीतून काढला तेव्हा छिन्नीला मऊ लागतो आणि पुढे उघड्यावर टणक होत जातो. त्यामुळे पापण्यांपासून कपड्यांच्या चुण्यांपर्यंत सगळं त्यात उतरवता येई.

प्लुगास्तेलचा क्रूस वेगळ्या कारणाने उभा राहिला. १५९८ साली तिथे प्लेग आला. तो ओसरल्यावर, १६०२ ते १६०४मध्ये, गावाने हा बांधला. क्रुसाच्या खांबावर उंचवटे कोरलेत. त्या प्लेगच्या गाठी, असं लोक सांगतात. ते ऐकल्यावर आपल्याकडच्या कुणालाही फोड करून सांगायला नको. १९४४च्या लढाईत तोफांनी त्याची मोडतोड केली आणि युद्धानंतर तो पुन्हा सांधला गेला.

या थोरल्या क्रूसांमधला शेवटचा म्हणजे साँ-तेगोनेकचा, १६१०चा. त्याच्या पायथ्याशी एका कोनाड्यात गावाचा संत उभा आहे, आणि त्याच्या गाडीला लांडगा जुंपलाय. चर्चसाठी दगड वाहणारं जनावर लांडग्याने खाल्लं, तेव्हा संताने त्यालाच गाडीला जुंपलं अशी कथा. येशूच्या छळकथेत या लांडग्याचं काहीच काम नाही. पण दगड आपला, पैसा आपला, तर गावच्या संताला बाहेर कोण ठेवणार?